बसल्याची जागा

जानेवारीत चार-पाच पहाटा अशा येतात
की वेण्णाकाठचं गवत पायाखाली कुरकुर मोडतं.
जीपच्या टपावर पांढरा पापुद्रा धरतो.
पाहुणे तो नखानं खरवडतात, फोटो काढतात,
भाजलेलं कणीस खाऊन उतरून जातात घाटानं.
तेच आमच्या वाफ्यांवर पडतं
तेव्हा आम्ही दहिवर म्हणतो
आणि करपलेली पानं मोजतो.

त्या साली वर कोल्हाही होता.
कोल्हा काकडीला राजी म्हणणाऱ्यानं
स्ट्रॉबेरी पाहिली नसावी.
लाल झालेलीच घ्यायचा, देठ जागेवर ठेवून,
तोडणीच्या बायांपेक्षा नीट.
तेवढं चालवून घेतलं असतं मी.
पण त्यानं ठिबकची नळी चावली,
आणि सोळा कोंबड्यांतल्या अकरा नेल्या,
एक तर खुडूक, अंड्यांवरून उठवून.

धाकू ढेबे आला खालच्या धनगरवाड्यावरून.
पोत्यात मोटारसायकलच्या क्लचची तार,
तीन दिवस शेणात पुरलेली.
"मानसाचा वास जाया पायजे," म्हणाला.
मग माझ्याकडे बघून, "तुमचा साबनाचा तर लईच. लांब ऱ्हावा."
कुंपणाच्या करवंदीत, जिथं तांबूस केस अडकले होते,
त्यानं फास मांडला वीतभर उंचीवर,
पलीकडे दोन बोंबील.
"फॉरेस्टवाले?"
"ह्या थंडीत कोन उठतंय?"

पहाटे सगळं लिहून ठेवलेलं.
पांढऱ्यावर पावलं, टाका घालावा तशी एका ओळीत,
फासापर्यंत आलेली, आणि पुढे नाही.
दोन हात अलीकडे मात्र एक गोल,
ओला, हिरवा.
तेवढ्याच जागेवर दहिवर नव्हतं.
धाकू उकिडवा बसला, तळवा टेकवला त्यावर,
कुणाच्या कपाळाला लावावा तसा.
"हितं बसला हुता. बराच येळ. तोंड फासाकडं."
"काय करत?"
"बघत."

दुसऱ्या पहाटे गोल हातभर पुढे.
धाकूनं बोंबील बदलले, जागा बदलली,
तारेला लोणी चोळलं, काढलं, परत शेण लावलं.
जिथं फास, तिथं गोल,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा
शांत, आणि जायचं नाव नाही.

चौथ्या रात्री मला झोप लागेना.
कोंबड्यांचं म्हणाल तर त्या विसरल्यागत झाल्या होत्या.
घोंगडी घेतली, बॅटरी विझवून
बांधाच्या आडोशाला बसले.
नाकातलं वारं सुईसारखं.
फासावर नजर लावून
कधी दोन वाजले, कधी चार,
काही हललं नाही, पानसुद्धा.
पाय बधिर झाले तेव्हा उठले, घरात आले,
चुलीपाशी हात धरले. बोटं आपली वाटेनात.

उजाडलं तसं धाकूनं हाक मारली.
फासापाशी त्या दिवशी गोल नव्हता.
बांधाजवळ होता, मोठा, चौकोनी घडीचा,
माझा.
त्याच्या मागे, काठीभर अंतरावर,
दुसरा. लहान. ओला. हिरवा.

धाकू किती तरी वेळ बोलला नाही.
मग तार गुंडाळायला लागला.
"ह्यो फासात यायचा न्हाई आता," म्हणाला.
"ऱ्हायलंच फास, तर एक दिस तुमीच गावाल."
मजुरी म्हणून पाचातली एक कोंबडी नेली,
बोंबीलही उचलले.

पुढच्या हप्त्यात थंडी उतरली.
वाफ्यांवर नुसतं दव, उन्हाआधीच सुकणारं.
लाल फळं अजून देठासकट ठेवली जातात मागे,
म्हणजे येतो.
पण कुठं बसतो
ते आता सकाळी कळत नाही.
मी घोंगडी झटकते तेव्हा
एकदा मागे वळून बघते.